हरणाच्या नाकाला चुकवून पाणवठ्यावर कसं बसावं

मे महिन्यातली संध्याकाळ. किनवटकडच्या एका गावाबाहेर, जंगलाला लागून असलेल्या पाझर तलावाच्या काठी मी पळसाच्या आडोशाला दोन तास मुकाट बसून होतो. कपडे मातकट, मोबाइल बंद, खोकला आला तर रुमालात दाबलेला. दिवस टेकला तशी समोरच्या सागाच्या रानातून पाच चितळं उतरली. पुढची मादी पाण्यापासून तीस-चाळीस पावलांवर थबकली. मान वर केली, नाक उचललं, पुढचा पाय जमिनीवर आपटला. तीक्ष्ण 'कुंऽई' ऐकू आलं आणि पुढे दिसल्या त्या फक्त वर झालेल्या शेपट्या. मी तर बोटही हलवलं नव्हतं.

परतताना बांधावर गुरं वळवणारे एक मामा भेटले. मला जवळ येऊ दिलं आणि हसत म्हणाले, "सर, वारं कुणीकडून यायलंय ते बघितलं का? तुमच्या डोक्याचं तेल मला हितं यायलंय. मंग त्यायला येणार नाही का?"

तेल चमेलीचं होतं. त्या दिवसापासून मी आधी वारा बघतो, मग पाणवठा.

पुढचं सांगण्याआधी एक स्पष्ट करतो. माणसाचा वास लपवण्याची ही विद्या मूळची शिकाऱ्यांची. ज्या देशांत हरणांची शिकार कायदेशीर आहे, तिथे तिचा मोठा बाजार आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपलाय. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांचा तुरुंगवास आहे. शेतात शिरणाऱ्या रोह्यांचा (नीलगायींचा) आणि रानडुकरांचा प्रश्न खराच आहे, पण त्याची वाट वनविभागाच्या कार्यालयातून जाते. हा लेख दुर्बीण नाहीतर कॅमेरा घेऊन बसणाऱ्यांसाठी आहे. गौताळा, येडशी-रामलिंग घाट, नायगाव मयूर, पैनगंगा यांपैकी कुठल्याही अभयारण्यात बसायचं तर परवानगी घ्या. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणीगणना करतो, तेव्हा नाव देता आलं तर पहिल्यांदा शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

सगळ्यांची नाकं सारखी नसतात. काळवीट हे माळरानाचं जनावर, त्याचा भरवसा डोळ्यांवर. बीड-धाराशिवच्या उघड्या बरडावर तुम्ही अंगाचा वास कितीही सांभाळा, उभे राहिलात की कळप उधळलाच. (काळवीट खरं तर हरीणसुद्धा नव्हे. हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची आयुष्यभर तीच. पण गावात दोघांनाही हरणंच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार.) रोहीही नाकापेक्षा डोळ्या-कानांवर चालतो. नाकाचे खरे पक्के म्हणजे चितळ आणि सांबर. झाडीत राहणाऱ्याला लांबचं दिसत नाही, त्याला वाराच बातमी आणून देतो. तेव्हा माळावर बसणार असाल तर खालचं निम्मं वाचलंत तरी भागेल. सागाच्या जंगलात किंवा घाटातल्या झाडीत बसणार असाल तर सगळं वाचा.

वारा: इथेच सगळं ठरतं

खळ्यावर उपणणी पाहिली असेल त्याला हे लगेच समजेल. सूप उंच धरून धान्य सोडलं की दाणा पायाशी पडतो आणि भूस वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पसरतं. जवळ दाट, लांब विरळ. आपला वास त्या भुसासारखा जातो. भुसाच्या वाटेत जनावर आलं की खेळ संपला, बाहेर राहिलं तर तुम्ही तिथे नाहीच. उपणणारा माणूस वारा पाठीवर घेतो. आपण उलटं करायचं: वारा आधी जनावराच्या वाटेवरून यावा आणि मग आपल्या तोंडावर लागावा.

वारा अंगाला लागतो तेव्हा कळतोच. घात करतो तो न जाणवणारा वारा. तो बघायला मी चुलीतली राख वस्त्रगाळ करून जुन्या मलमलीच्या पोटलीत बांधतो. पोटलीवर टिचकी मारली की चिमूटभर धूर उठतो, तो कुठे सरकतो ते मावळेपर्यंत बघायचं. उठला कुठे यापेक्षा दहा पावलांवर जाऊन वळला कुठे, हे महत्त्वाचं. उन्हाळ्यात रुईच्या बोंडांतून म्हाताऱ्या उडत असतात, त्यांतली एखादी सोडून दिली तर राखेपेक्षाही लांबचं सांगते. मी एकदा नाल्याच्या वळणावर सोडली, तर ती सरळ गेली, वळणावर थांबली, गोल फिरली आणि माझ्याच गुडघ्यावर येऊन बसली. त्या वळणावर कुणी बसू नये एवढं कळलं. टॅल्कम पावडर मात्र नको, तिलाच वास असतो.

आता दिवसाचा हिशेब. ऊन चढलं की उतारावरची हवा तापते आणि वर सरकते. दिवस कलला की गार होऊन जड होते आणि नाल्यानाल्यांनी खाली वाहते. म्हणून सकाळी ऊन चढल्यावर उताराच्या वरच्या अंगाला आणि तिन्हीसांजेनंतर खालच्या अंगाला बसणं बरं, जनावर मधल्या उतारावरून येणार असेल तर. अडचण अशी की या दोन्हींच्या मध्ये एक वेळ येते जेव्हा वारा पडतो आणि दिशा बदलतो, आणि नेमकी तीच जनावरं पाण्यावर यायची वेळ. पाणवठा तर खोलगटातच असतो, गार हवा तिथे येऊन साचते. तुम्ही काठावर वरच्या बाजूला बसलेले असाल तर अंधार पडता पडता तुमचा सगळा वास घरंगळत पाण्यावर जाऊन बसतो. माझ्या चितळांचं तेच झालं असणार. चार वाजता वारा माझ्या तोंडावर होता, तो पाहून मी निर्धास्त झालो आणि नंतर वारा पुन्हा बघितलाच नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन वारा बघून या. ओल्या मातीतल्या खुरांच्या खुणांवरून येण्याची पाऊलवाट शोधा, पण ती ओलांडू नका, चपलेचा वास तिथे तासन्‌तास राहतो. बसायच्या दोन जागा हेरून ठेवा, वारा फिरला तर दुसरीकडे सरकायला. वारा वाटेला आडवा असेल तर उत्तम. आणि वर्षाचा वारा लक्षात घ्या: पावसाळ्यात पश्चिम-नैर्ऋत्येकडून जोरदार आणि बराचसा इमानी, हिवाळ्यात पूर्वेच्या अंगाचा आणि मंद. चैत्र-वैशाखातल्या दुपारी माळावर वावटळी उठतात, तेव्हा वासाचा हिशेब करायच्या भानगडीत पडू नये.

मचाणावर बसल्याने फरक पडतो. वास जनावराच्या डोक्यावरून निघून जातो, पण वारा वाहता असेल तरच. पडल्या वाऱ्यात मचाणाखालीच त्याचं डबकं साचतं.

अंग, कपडे आणि शिदोरी

वास पूर्ण धुऊन टाकता येत नाही. ताज्या घामाला फारसा वास नसतो, कातडीवरचे जीवाणू त्यावर जगतात आणि वास तयार होतो. शिवाय कातडीचे बारीक कण सतत झडत असतात. बेचाळीस डिग्रीत आंघोळ करून निघालात तरी अर्ध्या तासात पहिले पाढे पंचावन्न. अंघोळीने वास कमी होतो, नाहीसा होत नाही.

तरी जे टाळता येतं ते टाळावं. दोन दिवस सुगंधी साबण, डिओ, अत्तर, केसांचं तेल बंद. बिडी, तंबाखू, गुटखा बंद. अंघोळीला रिठ्याचं पाणी चालतं, कपडेही रिठ्यातच धुवा. कपड्यांना नीळ नको आणि पांढरं शुभ्र करणारी पावडरही नको: हरणांना लाल रंग नीट ओळखू येत नाही, पण निळ्याकडे त्यांचे डोळे तेज असतात. कपडे स्वयंपाकघरात वाळवू नका, फोडणी बसते. डांबरगोळ्यांच्या कपाटातून काढलेला सदरा घालून तर जाऊच नका. मी माझा जोड वाळल्या पाल्यासकट सुती पिशवीत ठेवतो. पॉलिस्टरपेक्षा सुती बरं, पॉलिस्टर घामाचा वास धरून बसतं.

सगळ्यात कामाची युक्ती साधी आहे. मोटारसायकलवर बसून जाल ते कपडे वेगळे, पाण्यावर बसाल ते वेगळे. गाडी लांब उभी करा, पेट्रोलचा हात मातीने चोळा, सावकाश चालत जा. घाई केली की घाम आला. जागेजवळ पोचल्यावर पंच्याने अंग टिपून सदरा बदला आणि घामेजलेला सदरा गाठ मारून पिशवीत कोंबा.

शिदोरीत कांदा, लसणाची चटणी, ठेचा नको. हे लिहिताना जीव थोडा तुटतो, ठेच्याविना भाकरी म्हणजे काय, पण एक संध्याकाळ गूळ-शेंगदाण्यांवर काढता येते. कुरमुऱ्याची प्लास्टिक पिशवी वासापेक्षा आवाजाने घात करते. डासांना मलमाऐवजी पूर्ण बाह्या आणि कानावरून गुंडाळलेला रुमाल. लघवीला जायचं तर आधीच, लांब, आणि पाण्याकडे वारा जात नसेल तिथे.

वास झाकायला अंगाला शेण-गोमूत्र लावा, बकरीच्या दावणीत कपडे ठेवा, असे सल्ले मिळतात. आपल्या भागात हरणं गुरांच्या आसपासच चरतात, तेव्हा गुरांचा वास त्यांना परका नाही हे खरं. पण शेणाच्या वासाने माणसाचा वास झाकत नाही, नाकाला दोन्ही वेगवेगळे कळतात. परदेशातले शिकारी तर कोळशाचं अस्तर लावलेले कपडे, फवारे, ओझोनची यंत्रं घेतात. ओझोन फुप्फुसाला वाईट. तेवढ्या पैशात चांगली दुर्बीण येते.

उलट बाजू आपल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. सलूनमधले कापलेले केस पोत्याने आणून हरभऱ्याच्या कडेने टाकतात, म्हणजे माणसाच्या वासाने डुकरं-हरणं लांब राहावीत. चार रात्री राहतातही. मग त्यांना कळतं की वास आहे, माणूस नाही. म्हणजे गावालगतच्या जनावराला माणसाचा वास नवा नसतो. नसत्या ठिकाणी, नसत्या वेळी आला की ते बिथरतं. गावाच्या शेततळ्यावर थोडी चूक खपते, जंगलातल्या झऱ्यावर खपत नाही.

बसल्यावर

वास बेमालूम लपला तर त्याचा एक धोकाही आहे. तुमची चाहूल न लागलेलं रानडुक्कर किंवा बिबट्या अगदी अंगावर येऊन दचकू शकतो. 2024 च्या अखेरीस येडशीच्या रानात वाघही कॅमेऱ्यात आलाय. म्हणून झुडपात दडून जमिनीवर एकटं बसू नका. मचाण, लपणघर किंवा पाठीला भिंत, सोबत एक जण, आणि गावात कुणाला तरी सांगून ठेवलेलं.

दर पंधरा मिनिटांनी पोटलीला टिचकी. जनावर आलं की हात जागच्या जागी. मान वर आणि कान पुढे, एवढंच असेल तर त्याला संशय आहे, तुम्ही गोठून राहा, बऱ्याचदा मान परत खाली जाते. पाय आपटला, शेपटी उठली, नाक वर झालं, तर वास पोचलाय.

तेव्हा उठायचं. लपून आणखी अर्धा तास वाट पाहायची नाही. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा सालात दोन-तीन कोसांत एकच पाणवठा उरतो, आणि वास लागून मागे फिरलेला कळप तहानलेलाच कुठेतरी आडोशाला उभा असतो. जनावरांच्या उलट दिशेने, न लपता चालत निघून जा. गेलेलं दिसलं की ती येतात.

निघताना काठावर फास, तारेची वेटोळी किंवा वाटेत बांधलेली जाळी दिसली तर हात लावू नका, फोटो काढा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

मामांच्या गावी मी पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेलो. या वेळी बांधाच्या खाली, डोक्याला तेल नाही. अंधार पडता पडता सात चितळं आली आणि पाणी पिऊ लागली. खालच्या ओठावरून थेंब गळताना दिसत होते. फोटो एकही धड आला नाही, उजेड गेला होता.