गोठलेला क्रोम: आधी टॅब, मग ब्राउझर

ऐरोली-महापेच्या ऑफिसात एकाच लिनक्स मशीनवर दोघा-तिघांची लॉगिन असतील, तर क्रोम गोठलं म्हणून मशीन रीस्टार्ट करू नका. दुसऱ्याचं काम जातं. टर्मिनल उघडा; आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

आधी ‘पीग्रेप -एएफ टाइप=रेंडरर’ चालवून रेंडररची, म्हणजे टॅबमधलं पान दाखवणाऱ्या प्रोसेसची, यादी बघा. व्हीएस कोडसारखी इलेक्ट्रॉनवर, म्हणजे क्रोमचंच इंजिन वापरणाऱ्या साच्यावर, बांधलेली ॲप्सही त्यात दिसतात, ती उघडी असतील तर काम सेव्ह करा. मग ‘पीकिल -एफ टाइप=रेंडरर’ने त्या प्रोसेस बंद करा. टॅब कोसळतात, खिडकी शाबूत राहते. हवा तो टॅब रीलोड करायचा. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र गेलाच समजा. ‘टाइप’आधी दोन डॅश लावू नका, पीकिल तो स्वतःचा पर्याय समजतं.

तरीही ढिम्म? ‘पीकिल -यू’, पुढे आपलं युझरनेम, मग ‘-एक्स -ओ क्रोम’. सर्वांत जुनी, म्हणजे मुख्य प्रोसेस बंद होते आणि बाकीची पिल्लावळ तिच्यामागे जाते. पीकिल पाठवतं तो हा 15 नंबरचा सिग्नल, म्हणजे ‘बंद हो’ अशी विनंती. ब्राउझरला आवराआवर करता येते, म्हणून थोडं थांबा. -9, म्हणजे जबरदस्तीनं बंद करणारा सिग्नल, अगदी शेवटी, कारण त्यात ती उसंत मिळत नाही. सुडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं आज्ञा चालवणं, तर नकोच: युझरनेम चुकलं तर शेजारच्याचा ब्राउझर उडेल.