लेकराची स्की शर्यत: सोलापूरहून गुलमर्गला जाताना

आमच्या घरी टॉवेल-चादरीचा धंदा आहे. सुतावर पोट चालतं, तरी आधी हेच सांगते: बर्फावर लेकराच्या अंगाला सुती कपडा नको. सुती बनियन घामानं भिजलं की तिथं वाळत नाही. उतारावरून खाली यायला मिनिटभर लागतं, पण आपला नंबर येईपर्यंत तासन् तास उभं राहावं लागतं, आणि ओल्या पाठीनं पोरं कुडकुडतात. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, वर स्वेटर, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट. हातमोजे दोन जोड घ्या, एक भिजतोच.

माझी मुलगी बारा वर्षांची. सोलापुरात रोलर स्केटिंग करायची, तिथून स्कीकडे वळली. शर्यती शनिवारी आणि रविवारी होत्या, आम्ही गुरुवारीच पोचलो. सोलापूर साडेचारशे मीटरवर आणि गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, त्यामुळं पहिल्या दिवशी जिना चढतानासुद्धा धाप लागते. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, विमानानं श्रीनगर आणि पुढं पन्नासेक किलोमीटर गाडी. वाटेतल्या तंगमर्ग गावाच्या वर रस्त्यावर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या असलेलीच गाडी करा. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, एक तरी पोस्टपेड नंबर सोबत ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. भाड्याच्या दुकानात घाईत आम्हाला मोठे बूट मिळाले आणि मी तिला म्हटलं, दोन मोजे घाल. तिथंच चुकलं. सैल बुटात पाय वळतो, स्की वळत नाही. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत येणारा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढं जेमतेम टेकावा, गुडघे वाकवून नडगी पुढं दाबली की सुटावा. टाच आत उचलली जात असेल तर लाजू नका, बूट बदलून मागा. दुकानदाराला लेकराचं वजन आणि उंची खरी सांगा. पडल्यावर बूट स्कीतून किती जोरानं सुटायचा, ते त्यावरून लावतात. रात्री बूट बाहेर ठेवू नका, गारठलेलं प्लास्टिक सकाळी इतकं ताठ होतं की पाय शिरत नाही. आतलं अस्तर काढून बुखारीपासून, म्हणजे खोलीतल्या काश्मिरी शेगडीपासून, हातभर लांब वाळवा. आणि आपले सोलापुरी टॉवेल दोन न्या. रोज संध्याकाळी स्कीच्या लोखंडी धारा कोरड्या पुसायच्या, नाहीतर गंज धरतो.

जायंट स्लॅलम या स्की शर्यतीत लाल-निळ्या गेटांमधून, म्हणजे बर्फात रोवलेल्या काठ्यांमधून, दोनदा उतरायचं असतं. दोन्ही फेऱ्यांच्या वेळेची बेरीज सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत होते. एक गेट हुकलं की बाद. सकाळी मुलांना आडवं घसरत हळूहळू मार्ग बघू देतात, तेव्हा कोच सोबत असतो. आपण खाली थांबायचं, ओरडून काही सांगायचं नाही. लेकराच्या कानात त्या दिवशी एकच आवाज असू द्या, कोचचा.

आपलं काम खाऊ आणि ऊब. चॉकलेट थंडीत दगड होतं, चपाती चामट होते. शेंगापोळी मात्र जाकिटाच्या आतल्या खिशात मऊ राहते. दोन फेऱ्यांमध्ये चतकोर पुरते. थर्मासमध्ये कोमट पाणी असू द्या. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरट डाग दिसला तर उघडा तळवा ठेवून ऊब द्या, अजिबात चोळू नका.

शनिवारी तिचं सातवं गेट हुकलं. खाली आली, पण गॉगल काढेना. मी काही विचारलं नाही. खाली बसून तिच्या बुटांचे वरचे दोन बकल सैल केले आणि हातात शेंगापोळी दिली. अर्ध्या तासानं स्वतःच म्हणाली, ‘‘आई, मी सहाव्या गेटाकडंच बघत राहिले गं. पुढचं बघितलंच नाही.’’ मी म्हटलं, ‘‘जा, हे सरांना सांग.’’

रविवारी तिच्या दोन्ही फेऱ्या पुऱ्या झाल्या. शेवटून चौथी आली. संध्याकाळी स्की दुकानात परत करायला निघालो, तेव्हा तिनं माझ्याकडून टॉवेल मागून घेतला आणि पायरीवर बसून धारा पुसल्या.