खेड्यातल्या घरात इन्सुलिनची सुई: मायची सुई देता देता जे शिकलो ते

मायला इन्सुलिन सुरू होऊन सहा वर्ष झाली. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं, फाट्यावर उतरून तीन किलोमीटर आत. सुई लागली तेव्हा शेजारच्या बायका येऊन बसल्या आन मायला म्हणे, "आता काय राह्यलं वं बाई, सुईवर आली म्हणजे झालंच." माय चार दिवस रडत होती. कोणाच्या घरात आज तेच चाललं असेल तर आधी हे सांगतो, इन्सुलिन म्हणजे आपलंच शरीर जे बनवते तेच आहे, मायचं शरीर ते पुरेसं बनवत नाही म्हणून बाहेरून द्यावं लागते. 1922 सालच्या जानेवारीत कॅनडाच्या टोरोंटोत 14 वर्षाच्या एका मुलाला माणसांमधलं पहिलं इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी लहानपणी शुगर झालेलं लेकरू वाचतच नव्हतं. तर सुईला घाबरायचं कारण नाही. पण सुई देताना घरात ज्या चुका होतात त्यांना घाबरायलाच पायजे, आन त्या आम्ही बऱ्याच केल्या म्हणून हे लिहितो. डोस किती हे तुमचा डॉक्टरच सांगेल, मी फक्त देण्याचं आन सांभाळण्याचं सांगतो.

सगळ्यात मोठी गोष्ट पहिले. बाटली आन सिरिंज एका नंबरची पायजे. आपल्याकडं मेडिकलमधी जी 10 मिलीची इन्सुलिनची बाटली मिळते तिच्यावर बहुतेक करून 40 लिहिलेलं असते, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, पूर्ण बाटलीत 400. तिच्यासाठी 40 ची सिरिंज लागते, लाल टोपीची. इन्सुलिनच्या पेनात, म्हणजे लिहायच्या पेनासारख्या दिसणाऱ्या सुईच्या यंत्रात, जे कार्ट्रिज (औषधाची छोटी नळी) बसते ते 100 चं असते, आन 100 ची सिरिंज नारंगी टोपीची येते. आता लाल आन नारंगी, रात्री लाईन गेलेली असताना टॉर्चच्या उजेडात काय फरक दिसते सांगा. आमच्याकडं असंच झालं, मी घाईत सिरिंज आणल्या, दुकानदारानं दिल्या, मी पाह्यलं नाही. माय 20 च्या रेघेपर्यंत औषध भरत होती, पण सिरिंज होती 100 ची, म्हणजे तिच्या अंगात जात होते फक्त 8 युनिट. आठ दिवसात शुगर 380. आम्ही तिला बोलत बसलो की तू आंबे खाल्ले म्हणून. तिनं एक फोड खाल्ली नव्हती बिचारीनं. हे अजून मनातून जात नाही.

उलटी चूक तर जीवच घेऊ शकते. पेनाच्या कार्ट्रिजमधलं 100 चं औषध जर 40 च्या सिरिंजनं 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर ते 50 युनिट होतात, अडीच पट. म्हणून पेन बिघडला, निडल संपली, तरी कार्ट्रिजमधी सिरिंज खुपसून औषध काढायचंच नाही. टोपीच्या रंगावर जाऊ नका, बाटलीवरचा आकडा वाचा, सिरिंजवरचा आकडा वाचा, दोन्ही सारखे असले तरच पैसे द्या. घरात दोघं सुई घेणारे असतील तर एकाच्या बाटलीला धागा बांधून ठेवा. आमच्या काकाजीची बाटली वेगळी आहे, मायच्या बाटलीला लाल दोरा आहे, आता अंधारातही हात चुकत नाही.

आता उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडं 45 च्या वर जाते आन टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. न फोडलेली बाटली फ्रिजमधी 2 ते 8 डिग्रीत ठेवायची. पण सिंगल डोअर फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्याच्या खाली बिलकुल चिकटून ठेवू नका, तिथं औषध गोठते आन एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, फेकूनच द्यायचं. दाराच्या कप्प्यात किंवा खालच्या भाजीच्या डब्याजवळ ठेवा. लाईन गेली तर फ्रिज उघडबंद करू नका, दार लावलेलं असलं की थंडावा बराच वेळ टिकते.

फ्रिज नसेल तर माठ. आम्ही असं केलं, एका मोठ्या मडक्यात रेती भरली, त्यात छोटं मडकं बसवलं, रेती दिवसातून दोनदा ओली करायची आन औषध झाकणाच्या कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात घालून छोट्या मडक्यात ठेवायचं, वरून ओलं फडकं. सावलीत, पण हवा लागेल अशा जागी ठेवा, कोंदट खोलीत त्याचा उपयोग नाही. आपला उन्हाळा कोरडा असल्यानं हे चांगलं थंड राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली की मडक्याचा थंडावा कमी होते हे लक्षात ठेवा, तेव्हा जास्त बाटल्या घरात भरून ठेवू नका.

फोडलेली बाटली चार आठवडे वापरायची, मंग उरली तरी सोडायची, आन चार आठवडे म्हणजे 25-30 डिग्रीच्या आत ठेवली तर. फोडल्याची तारीख पेनानं लेबलवर लिहाच. यवतमाळहून औषध आणताना मोटरसायकलच्या डिक्कीत टाकू नका, ती भट्टी असते. एसटीत खिडकीच्या उन्हात पिशवी ठेवू नका. थर्मास न्या, पण बर्फाला बाटली डायरेक्ट चिकटवू नका, मधी फडकं गुंडाळा. आन उन्हानं खराब झालेलं औषध दिसायला चांगलंच दिसू शकते, म्हणून खाण्यात काही बदल नसताना शुगर वर वर जात असेल तर नवी बाटली फोडून पाहा आन डॉक्टरला सांगा.

सुई द्यायची पद्धत. साबणानं हात धुवा. बाटली उजेडात धरा. जे औषध पाण्यासारखं साफ असते ते साफच दिसलं पायजे, गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर नको. 30/70 सारखं, म्हणजे लवकर चालणारं आन लांब चालणारं मिसळलेलं, जे औषध दुधाळ असते ते दोन तळहातात हळूहळू दहा-वीस वेळा फिरवा, सगळं एकसारखं दिसेपर्यंत. ताक घुसळल्यासारखं जोरात हलवायचं नाही, फेस येते आन डोस चुकते. गुठळ्या दिसल्या किंवा बाटलीच्या आतल्या काचेवर पांढरा थर धरला तर तेही फेका. माय आधी न फिरवताच ओढायची, मंग कधी वरचं पाणी जास्त जायचं कधी खालचा गाळ, म्हणून तिची शुगर एक दिवस 90 तर दुसऱ्या दिवशी 250.

जितके युनिट घ्यायचे तितकी हवा सिरिंजमधी ओढा, ती बाटलीत सोडा, बाटली उलटी करा, औषध ओढा. बुडबुडे दिसले तर बोटानं टिचकी मारून वर आणा आन परत बाटलीत ढकला, बुडबुड्यानं जिवाला काही होत नाही पण तेवढं औषध कमी जाते. आता रेघ परत एकदा पाहा. मायची नजर कमी झाली आहे तर रेघ मी पाहतो, मी नसलो की माझी बायको पाहते, माय एकटी भरत नाही हा आमच्या घरचा नियम.

पोटावर द्यायची असेल तर बेंबीपासून दोन बोटं सोडून. नाहीतर मांडीच्या वरच्या बाहेरच्या बाजूला, दंडाच्या मागच्या बाहेरच्या बाजूला किंवा ढुंगणाच्या वरच्या बाहेरच्या भागात. माणूस बारीक असेल किंवा सुई लांब असेल तर चामडी हलक्या चिमटीत धरा, सुई सरळ घाला, हळूहळू दाबा, दहा आकडे मोजा, मंग काढा. चोळू नका. स्पिरिट लावलं असेल तर वाळू द्या, ओल्यातच टोचलं की झोंबते. सुई मात्र स्पिरिटनं पुसायची नाही.

जागा बदलत राहायची, हे आम्हाला तीन वर्ष कोणी नीट समजावूनच सांगितलं नव्हतं. मायला एका ठिकाणी दुखत नाही म्हणून ती तिथंच टोचायची, तिथं लिंबाएवढी मऊ गाठ झाली. त्या गाठीत दुखत नाही हे खरं पण औषध तिथून कधी मुरते कधी मुरत नाही. आता पोटाचे चार भाग केले, एक आठवडा एक भाग, आन रोजची सुई कालच्या जागेपासून एक बोट लांब. एक मात्र जपा, गाठीतली सुई सोडून चांगल्या जागी द्यायला लागलात की तोच डोस जास्त लागू पडू शकते आन शुगर खाली जाऊ शकते, म्हणून बदलण्याच्या आधी डॉक्टरशी बोला आन ते आठ दिवस शुगर जास्त वेळा तपासा. तपासताना बोट धुऊन कोरडं करा, गूळ नाहीतर आंबा हाताळलेल्या बोटाची शुगर खोटीच वर दाखवते.

पेन असेल तर दर वेळी नवी निडल, पहिले 2 युनिट हवेत सोडून थेंब येते का पाहा, टोचल्यावर दहा मोजा, मंग निडल काढून ठेवा. पेन असो का सिरिंज, दुसऱ्याला द्यायची नाही, नवऱ्यालाही नाही.

आता जेवण, कारण आमची सगळ्यात मोठी फजिती इथंच झाली. मायचं 30/70 चं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं आहे. काही नवीन औषधं ताटावर बसतानाच घेतात, आन काही लांब चालणारी रोज एकाच वेळेला घेतात जेवणाशी संबंध नाही, तर तुमचं कोणतं हे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. आमच्याकडं तव्यावर पहिली भाकर पडली की सुई, त्याच्या आधी नाही, पाहुणे बोलत बसले तरी नाही.

दोन वर्षाखाली कापूस वेचायचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, मायनं सकाळी सुई घेतली, अर्धी भाकर खाल्ली आन वावरात गेली. दुपारचा डबा पोचायला दोन वाजले. 30/70 मधला जो लांब चालणारा भाग असते त्याचा जोर दुपारीच येते, त्यात उन्हातलं काम. बारा-साडेबाराला ती कापसाच्या तासात खाली बसली, घामानं ओली, हात थरथर, आन बोलते काहीच्या बाही. बाजूची बाई म्हणे ऊन लागलं, पाणी पाजा. नुसत्या पाण्यानं काय होणार होतं. मी पोचलो, खिशात काही नव्हतं, वावराशेजारच्या घरून साखर आणली.

तर घाम, थरथर, अचानक भूक, छातीत धडधड, चिडचिड, बरळणं, यातलं काही दिसलं आन शुगर तपासायच्या मशीनवर 70 च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घोळून लगेच द्या. मशीन नसेल तरी द्या, थांबू नका. पंधरा मिनिटानं परत तपासा, तरी कमी असेल तर परत तितकीच. बरं वाटलं की भाकर नाहीतर केळं खायला द्या, नाहीतर शुगर परत पडते. बिस्कीट चॉकलेटवर अवलंबून राहू नका, ते हळू चढते. आन वोग्लिबोज नावाची गोळी सोबत चालू असेल तर साखर लवकर काम करत नाही, त्यांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनळीत जाते, कुशीवर वळवा आन 108 ला फोन करा.

मायच्या लुगड्याच्या ओच्यात आता ग्लुकोजची पुडी असतेच. वावरात जायच्या दिवशी मांडीत सुई देत नाही, काम करताना मांडीतलं औषध लवकर चढते. फवारणी करणारा माणूस जर सुईवर असेल आन त्याला घाम चक्कर आली तर ती फवारणीच्या औषधाची विषबाधाही असू शकते, 2017 मधी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मशीन लावा आन शुगर काहीही निघो, दवाखान्यात न्याच.

महालक्ष्म्यांचं जेवण तीन-चार वाजल्याशिवाय होत नाही, लग्नातल्या पंगतीचाही भरवसा नाही, एकादशीचे उपास आहेत, तर अशा दिवसाचा डोस कसा घ्यायचा हे दोन दिवस आधीच डॉक्टरला विचारून ठेवा. कोणी दारू पीत असेल, मोहाची असो का दुकानातली, उपाशीपोटी पिऊन झोपला तर शुगर रात्री पडते आन घरच्यांना वाटते पिऊन पडला आहे. त्यात माणूस जाते.

उलटी, ताप आला, जेवण जात नाही म्हणून स्वतःच्या मनानं सुई पूर्ण बंद करू नका. लहानपणापासून सुईवर असलेल्या लेकराची तर कधीच नाही. उलट्या, पोटदुखी, लांब लांब श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, हे दिसलं तर रात्र असो का पाऊस, मोठ्या दवाखान्यात. जडीबुटीवाला कोणी सुई सोड म्हणाला तर त्याला दारातूनच वापस करा.

सुई एकदाच वापरायची असते. घरोघरी तीच चार-पाच वेळा चालते हे मला माहीत आहे, पैशाचा प्रश्न आहे, पण बोथट सुईनं दुखतेही आन गाठीही होतात. ग्रामीण रुग्णालयाच्या एनसीडी क्लिनिकमधी, म्हणजे शुगर-बीपीसारख्या आजारांच्या ओपीडीत, इन्सुलिन आन सिरिंजची चौकशी करा, आशाताईला विचारा. वापरलेली सुई उकिरड्यावर फेकू नका, तेच खत उन्हाळ्यात वावरात जाते आन निंदणाला बाया अनवाणी असतात. आम्ही फिनाईलची रिकामी जाड बाटली धुऊन ठेवली आहे, सुई त्यात टाकतो, वर झाकण पक्कं. भरली की उपकेंद्रात सिस्टरला विचारून देऊन येतो, त्यांच्याकडं सुयांचा वेगळा डबा असते.