जुनी कॅम्पर व्हॅन कुटुंबासाठी कशी निवडावी आणि नव्याने कशी उभी करावी

कॅम्पर व्हॅन म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. अशा गाड्या पाहायला बाहेर पडण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून दोन आकडे निश्चित करावेत: गाडी धावत असताना किती जण बसणार आणि रात्री किती जण झोपणार. हे आकडे सारखेच असतात असे गृहीत धरल्यामुळे अनेक कुटुंबे फसतात, कारण चार जणांच्या झोपण्याची सोय असलेल्या जुन्या गाडीत सीट बेल्ट असलेली आसने दोनच असू शकतात. बेल्टचे आसन मागाहून बसवता येते, परंतु ते फर्निचरच्या लाकडी पेटीवर ठोकून भागत नाही. धडकेचा भार चेसिसला जोडलेल्या लोखंडी सांगाड्याने पेलावा लागतो, आणि ते काम जाणकाराचेच आहे. त्यामुळे पुरेशी आसने मुळातच असलेली गाडी शोधणे केव्हाही स्वस्त पडते.

आवडलेल्या गाडीच्या आतल्या भागाची मापे घेऊन घरातल्या फरशीवर चिकटपट्टीने तिचा आराखडा आखावा आणि सर्वांनी त्या चौकटीत एक संध्याकाळ काढून पाहावी. स्वयंपाक चालू असताना दुसऱ्या कोणाला दारापर्यंत पोहोचता येते का, रात्री एकाला उठायचे झाल्यास सगळ्यांची अंथरुणे हलवावी लागतात का, ओल्या चपला कुठे राहणार, हे प्रश्न कागदावर सुचत नाहीत. या संध्याकाळी वाद झाले तर ते झालेले बरे. फर्निचर ठोकून झाल्यावर तेच वाद महाग पडतात. पैशांचा हिशेबही याच वेळी करावा. हाताशी असलेली सगळी रक्कम खरेदीत घालू नये, निदान एकतृतीयांश हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा.

गाडी पारखताना

जुन्या कॅम्परचा पहिला शत्रू पाणी आहे. इंजिनाचा क्रमांक त्यानंतर येतो. दार उघडताच येणाऱ्या वासाकडे लक्ष द्यावे. कुबट वास तर वाईटच, पण सगळ्या खिडक्या आधीच सताड उघडून ठेवलेल्या असतील आणि सुगंधी फवारा दरवळत असेल, तर अधिक सावध व्हावे. नंतर कपाटे रिकामी करायला सांगून छत आणि भिंत जिथे मिळतात ते कोपरे, छतावरच्या झरोक्याची चौकट आणि खिडक्यांच्या खालच्या कडा अंगठ्याने दाबून पाहाव्यात. निरोगी प्लाय दाबला जात नाही. ओल मुरलेला प्लाय किंचित आत जातो आणि अंगठा काढल्यावर पृष्ठभागावरचा कागद सुरकुततो. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरल्यास फुगवटे सावलीमुळे उघड दिसतात. ओलावा मोजणारे मीटर मिळाले तर उत्तमच. सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांच्या आतले आकडे ठीक मानले जातात, २० टक्क्यांच्या पुढे शोध घ्यावा लागतो आणि ३० टक्क्यांच्या वर आतला लाकडी सांगाडा कुजलेला असण्याची शक्यता मोठी असते. असा सांगाडा बदलण्याचे काम म्हणजे अर्धी गाडी नव्याने बांधणेच होय, तेव्हा विक्रेता किंमत कितीही उतरवत असला तरी अशा गाडीकडे पाठ फिरवलेली बरी.

पत्र्याच्या बंद व्हॅनमध्ये लाकडाऐवजी गंज पाहावा लागतो: चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, पुढच्या काचेची कडा. गाडीच्या पोटाला नुकताच काळा जाड लेप दिलेला असेल, तर त्याखाली काय झाकले आहे हे मेकॅनिकला टोचून पाहायला सांगावे.

कॅम्पर वर्षातला बराच काळ उभीच असते. म्हणून तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे २३१९ असे लिहिले असल्यास तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत असूनही बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर नव्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत. इंजिनाचा टायमिंग बेल्टही (आतल्या भागांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा पट्टा) केवळ किलोमीटरवर नव्हे तर वयावर बदलायचा असतो. पाहणीला जाताना इंजिन आधी तापवून ठेवू नये असे विक्रेत्याला कळवावे आणि पोहोचताच बॉनेटला हात लावून खात्री करावी. कागदपत्रांतला चेसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. वाहनाच्या आतल्या रचनेत बदल करण्याचे नियम देशोदेशी वेगळे असल्यामुळे नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करूनच करवत हाती घ्यावी.

वजनाचा हिशेब

गाडीचे कमाल परवानगीचे वजन आणि तिचे प्रत्यक्ष वजन यांतला फरक एवढेच काय ते आपल्या हाती असते, आणि तो फरक फार लवकर संपतो. ८० लिटर पाण्याचे ८० किलो होतात. चार माणसांचे अडीचशेच्या आसपास. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटी बर्च प्लाय सुमारे ३६ किलोंचा असतो, तर तेवढाच पॉप्लर प्लाय २५ किलोंच्या जवळपास भरतो. त्यामुळे फर्निचरसाठी हलका प्लाय निवडण्यात काटकसर नव्हे, सुरक्षितता आहे. खरेदीनंतर लगेच गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि तो आकडा दाराच्या आत चिकटवून ठेवावा.

कामाचा क्रम

घरच्यांना रंग आणि पडद्यांपासून सुरुवात करायची असते, आणि त्यात गैर काही नाही, परंतु गळती बंद होण्यापूर्वी केलेली सजावट हमखास उपटावी लागते. आधी छत, मग सांगाडा व यांत्रिक दुरुस्ती, मग भिंतींआडच्या तारा आणि उष्णतारोधक थर, त्यावर भिंती, मग फर्निचर आणि सर्वांत शेवटी गाद्या, हा क्रम मोडू नये.

आतला डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरत असेल असे नाही, ते बहुधा वरून कुठून तरी वाहत आलेले असते. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीने पाणी खालून वर अशा क्रमाने, प्रत्येक जोडावर काही मिनिटे थांबत सोडावे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि छिद्र कळत नाही. मुलांना हे काम मनापासून आवडते. जुना सीलंट (फटी बुजवणारा चिकट लेप) पूर्ण खरवडून काढावा. पुढे काढाव्या लागणाऱ्या चौकटींखाली ब्यूटाइलची (रबरासारखी चिकट) पट्टी आणि कायमच्या जोडांना पॉलियुरेथेन सीलंट वापरावा. न्हाणीघरातले सिलिकॉन मात्र टाळावे, कारण त्याचा अंश राहिलेल्या जागी नंतर दुसरे काहीच धड चिकटत नाही. कुजलेले लाकूड कापल्यावर उरलेला भाग पूर्ण सुकू द्यावा. याला कित्येक आठवडे लागू शकतात.

नेमका हाच काळ कुटुंबाला जड जातो. गाडी उघडीबोडकी दिसते, पैसे जात असतात आणि डोळ्यांना भरेल असे काही घडत नाही. अशा वेळी उपदेशापेक्षा व्यवस्था उपयोगी पडते: काढलेला प्रत्येक स्क्रू नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावा, उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि आठवड्यातला एक सुटीचा दिवस गाडीच्या कामापासून सक्तीने मुक्त ठेवावा. मुलांकडे शेवटपर्यंत त्यांचेच राहील असे एखादे काम सोपवावे, जसे की स्वतःच्या बिछान्याजवळच्या दिव्याची जागा ठरवणे.

विजेची आखणी वापरापासून सुरू करावी, बॅटरीपासून नव्हे. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ३५ अँपिअर-तास (बॅटरीतल्या विजेचे माप) घेतो; दिवे, पंप, पंखा आणि फोन मिळून आणखी २५ धरले तर रोजचे ६० होतात. दोन दिवसांची सोय हवी असल्यास १२० लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे ती २४० ची घ्यावी लागते, तर लिथियम आयर्न फॉस्फेटची १५० ची पुरते. ६० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास वीज घेते, परंतु १२ व्होल्टवर तेच ५ अँपिअर घेते. म्हणून इथे तारा जाड लागतात. त्या अनेक बारीक तंतूंच्याच असाव्यात, कारण घरातली एकेरी तार प्रवासातल्या कंपनांनी तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा.

गॅसचे काम घरी करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळालेला वायू तळाशी साचतो. सिलिंडरची पेटी आतून हवाबंद आणि तळाशी बाहेर उघडी असायला हवी, व जोडणी अधिकृत तंत्रज्ञानेच तपासायला हवी. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारी दोन्ही यंत्रे पहिल्या मुक्कामापूर्वीच बसवावीत. चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात लिटरभर पाणी हवेत मिसळते, त्यामुळे थंडी वाजते म्हणून वायुवीजनाच्या जाळ्या कधीही बुजवू नयेत.

पहिला मुक्काम घराजवळच, शक्यतो अर्ध्या तासात परतता येईल इतक्या अंतरावर करावा आणि त्याआधी पाण्याची टाकी भरून, सगळे जण बसवून गाडी पुन्हा वजनकाट्यावर न्यावी. पुढच्या आणि मागच्या आसावरचे (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरचे) वजन वेगवेगळे घ्यावे, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस ओव्हरलोड असू शकतो. परतल्यावर कपाटांचे स्क्रू पुन्हा आवळावेत, नळाच्या जोडांखाली कोरडा कागद फिरवून पाहावा आणि छताच्या कोपऱ्यांतले ओलाव्याचे आकडे तारखेसह वहीत लिहावेत. त्याच जागांचे आकडे दर सहा महिन्यांनी घेतले की नवी गळती डाग पडण्याच्या आधीच सापडते.