एनएफएसच्या लॉकचा कोड आयपीव्ही६ वर नेताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळते. जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइन फायली एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरू देणाऱ्या, सर्व्हरवर असतात आणि एक फाईल एका वेळी एकानेच बदलायची, ही राखण लॉकचा कोड करतो. कारखाना आणि शहरातलं डिझाइन ऑफिस, दोन्हीकडे आयपी पत्त्यांची १९२.१६८.१ हीच रेंज होती. व्हीपीएनने जोडायची वेळ आली तेव्हा तेच ते पत्ते दोन्हीकडे निघाले. म्हणून आयपीव्ही६, म्हणजे लांब पत्त्यांची नवी पद्धत.

एनएफएसची आवृत्ती ४ असेल तर लॉक त्याच प्रोटोकॉलमध्ये, २०४९ पोर्टवरच चालतं. तुम्हाला यातलं फारसं लागणार नाही. आवृत्ती ३ चं लॉक एनएलएम या वेगळ्या प्रोटोकॉलने चालतं. लिनक्स कर्नलच्या लॉकडीत (लॉक सांभाळणाऱ्या भागात) आयपीव्ही६ चा बदल २००८ च्या सुमारास झाला. आमचा सर्व्हर जुना, युजरस्पेसमधला (कर्नलबाहेर चालणारा), त्यामुळे तो मलाच करावा लागला.

आधी कोडमध्ये एएफ-इनेट, सिन-अ‍ॅडर, इनेट-एनटोआ हे जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांचे शब्द ग्रेपने शोधा. तेवढ्यावर थांबू नका. ३२ बिटांच्या साध्या इंटिजरमध्येही पत्ता दडलेला असतो, मला तो हॅश फंक्शनमध्ये सापडला. पत्ता ठेवणाऱ्या सॉकअ‍ॅडर-इन या स्ट्रक्चरच्या जागी दोन्ही प्रकारचे पत्ते मावणारं सॉकअ‍ॅडर-स्टोरेज घाला आणि प्रत्येक मेमकॉपीची (बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनची) लांबी डोळ्यांनी तपासा.

या लांबीनेच मला रडवलं. जुनं आयपीव्ही४ चं स्ट्रक्चर १६ बाइटचं, नवं आयपीव्ही६ चं (सॉकअ‍ॅडर-इन६) २८ चं. एका ठिकाणी लांबी १६ च राहून गेली आणि कंपाइलरने हूं की चूं केलं नाही. नव्या स्ट्रक्चरमध्ये फॅमिलीचे २ बाइट, पोर्टचे २, फ्लोइन्फोचे ४ आणि मग पत्ता. म्हणजे १६ बाइटांत पत्त्याचे पहिले ८ बाइटच आले, आणि तो नेमका नेटवर्कचा प्रीफिक्स, म्हणजे एका नेटवर्कवरच्या सगळ्यांचा सारखाच असणारा भाग! ऑफिसमधली सगळी मशिनं सर्व्हरला एकच वाटू लागली. लॉकचा मालक पत्ता आणि प्रोसेस नंबर मिळून ठरतो, म्हणून रोजच्या कामात काही कळलं नाही. मग एका दुपारी लाइट गेली. यूपीएस नसलेलं एक मशीन पुन्हा सुरू झालं, त्याच्या स्टॅटडीने (मशीन बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचं कळवणाऱ्या प्रोग्रामने) रीबूट झाल्याची सूचना पाठवली आणि सर्व्हरने ‘त्या’ मशीनची लॉकं सोडली. म्हणजे सगळ्यांचीच. दोघांनी एकाच मोराच्या नक्षीवर काम सेव्ह केलं आणि एका मुलाची दिवसभराची मेहनत पुसली गेली. चूक माझी होती, हे त्याला मी समोर बसून सांगितलं.

पत्त्यांच्या तुलनेला एकच फंक्शन लिहा आणि सगळीकडून तेच वापरा. फॅमिली (पत्ता आयपीव्ही४ चा की आयपीव्ही६ चा) बघा, आयपीव्ही६ असेल तर पत्त्याचे १६ च्या १६ बाइट बघा, पोर्ट सोडा. तो कनेक्शनगणिक बदलतो. एफई८० ने सुरू होणारा लिंक-लोकल (फक्त त्याच नेटवर्कपुरता) पत्ता असेल तर स्कोप आयडीही (तो कोणत्या इंटरफेसवरचा, हा आकडा) बघा, कारण तोच पत्ता दोन इंटरफेसवर दोन वेगळ्या मशिनांचा असू शकतो. आयपीव्ही४ (व्ही४) आणि आयपीव्ही६ (व्ही६) साठी वेगळे सॉकेट ठेवा आणि व्ही६ वर व्ही६-ओन्ली हा पर्याय लावा. नाहीतर व्ही४ चं मशीन ‘::एफएफएफएफ:१९२.१६८.१.२०’ असं येतं आणि एकच मशीन यादीत दोनदा बसतं. क्लायंटवरचे तात्पुरते प्रायव्हसी पत्ते बंद करा, ते बदलत राहतात.

कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे हे सांगणाऱ्या पोर्टमॅपरच्या आवृत्ती २ ला व्ही६ कळत नाही. त्याच कामाच्या आरपीसीबाइंडची ३ किंवा ४ घ्या. तिथे पोर्ट पत्त्याच्या शेपटीला येतो: ४०४५ म्हणजे ‘.१५.२०५’, १५ गुणिले २५६ अधिक २०५.

लॉकडी प्रत्येक मशीनमागे १६ बाइटांची एक खूण स्टॅटडीकडे ठेवतो. व्ही६ पत्ता बरोबर तेवढाच, म्हणून तोच तिथे कोंबायचा मोह होतो. कोंबू नका, स्कोप आयडीला जागा उरत नाही. मशीनगणिक वेगळा आकडा बनवून तो ठेवा.

चाचणी एकाच प्रीफिक्समधल्या तीन मशिनांवर घ्या. पहिल्याने लॉक घ्यावं, दुसऱ्याने त्यासाठी थांबावं, मग पहिल्याने सोडावं. लॉक मिळाल्याचा कॉल सर्व्हरकडून क्लायंटकडे उलटा जातो, म्हणून क्लायंटच्या व्ही६ फायरवॉलमध्ये त्याला वाट ठेवा. नंतर तिसऱ्याचा प्लग काढा, पुन्हा सुरू करा आणि बाकीच्यांची लॉकं जागेवर आहेत का बघा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, सुट्टीत कारखाना बंद होता, तेव्हा मी दोन दिवस प्लगच काढत बसले होते. जुना कोड त्यानंतरच काढला.