पॉइंटर कास्ट केला की नक्की बदलतं काय?

फर्स्ट इयरला सी शिकताय ना, मग व्हायवाच्या आधी एवढं डोक्यात पक्कं बसवा: पॉइंटर (मेमरीतला अ‍ॅड्रेस ठेवणारा व्हेरिएबल) कास्ट केल्याने, म्हणजे त्याचा टाइप बदलून घेतल्याने, मेमरीतला एक बिटसुद्धा हलत नाही. स्टार लावून डिरेफरन्स करताना, म्हणजे त्या अ‍ॅड्रेसवरची व्हॅल्यू वाचताना, तिथपासून किती बाइट वाचायचे, त्यांचा अर्थ काय लावायचा आणि पॉइंटरमध्ये १ मिळवला की किती बाइट पुढे जायचं, तेवढंच बदलतं.

गिरगावातली चाळ डोळ्यासमोर आणा, गॅलरीला ओळीने खोल्या, एक खोली म्हणजे एक बाइट. पॉइंटरकडे फक्त पहिल्या खोलीचा नंबर असतो. कॅर पॉइंटर तेवढी एकच उघडतो, इंट पॉइंटर तिथपासून सलग ४ उघडतो (आपल्या नेहमीच्या पीसीवर इंट ४ बाइटचा).

हे नुसतं वाचून कळत नाही, करूनच बघा. एका इंटमध्ये हेक्स १२३४५६७८ टाका, त्याचा अ‍ॅड्रेस अनसाइन्ड कॅर पॉइंटरला कास्ट करून द्या आणि लूप लावून चारही बाइट हेक्समध्ये प्रिंट करा. इंटेल, एएमडीच्या मशीनवर ७८, ५६, ३४, १२ असं उलटं येईल, कारण ती लिटल एंडियन असतात, शेवटचा बाइट आधी ठेवतात.

कंस कुठे टाकताय ते बघा हां. कॅर पॉइंटर आधी इंट पॉइंटरला कास्ट करून मग १ मिळवलात तर ४ बाइट पुढे जाल, आधी १ मिळवून मग कास्ट केलात तर एकच.

व्हॉइड पॉइंटरला, म्हणजे टाइप न ठरवलेल्या पॉइंटरला, मात्र थेट स्टार लावता येत नाही, किती बाइट वाचायचे हेच कंपायलरला माहीत नसतं. मेमरी मागून घेणारं मॅलॉक फंक्शन असाच पॉइंटर देतं, पण सीमध्ये तो कास्ट न करता इंट पॉइंटरमध्ये ठेवता येतो, मग स्टार लावा.

आता खरी गोची. फ्लोटमध्ये १.० आहे, ती व्हॅल्यू इंटला कास्ट केलीत तर १ मिळतो. पण अ‍ॅड्रेस इंट पॉइंटरला कास्ट करून स्टार लावलात तर बहुतेक १०६५३५३२१६ दिसेल, ते फ्लोटचेच बिट इंट म्हणून वाचलेले. बहुतेक म्हणतोय कारण सीच्या स्टँडर्डप्रमाणे हे अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, म्हणजे काय व्हावं हे ठरवलेलंच नाही; जीसीसी कंपायलरमध्ये ओ-टू ऑप्टिमायझेशन लावलं की काहीही उत्तर येऊ शकतं. कॅर पॉइंटरने बाइट वाचायला परवानगी आहे, म्हणून वरचा प्रयोग बिनधास्त करा, पण फ्लोटचे बिट इंटमध्ये हवे असतील तर सरळ मेमकॉपी फंक्शनने बाइट जसेच्या तसे कॉपी करा.