दात्याचा टेंडन येणार असेल तर

टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट दोर; मृत दात्याचा टेंडन गुडघ्यात बसवतात. सगळ्यात आधी ऑपरेशनची तारीख पक्की करा, मगच मुंबईच्या टिश्यू बँकेला फोन करा. आपल्याकडे चिपळूण-रत्नागिरीच्या छोट्या हॉस्पिटलांत उणे ८० अंशांचा फ्रीझर बहुधा नसतो. टेंडन उणे ४० किंवा त्याहून जास्त थंडीत ५ वर्षं टिकतो, उणे २० ते उणे ४० च्या दरम्यान ६ महिनेच. फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर तर विसंबूच नये. म्हणून तो आदल्या दिवशी ड्राय आइसमध्ये (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) मागवायचा.

पावसाळ्यात ड्राय आइस दुप्पट भरायला सांगा. दोन वर्षांपूर्वी जुलैत घाटात दरड आली आणि आमची गाडी सात तास अडकली. झाकण उघडलं तर तळाशी चार खडे उरलेले, आणि पाकीट बोटाने दाबलं की दबत होतं. सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, ते बाजूला ठेवलं आणि पेशंटचाच हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा टेंडन) काढून एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट, नवीन केलं. एकदा वितळलेला टेंडन पुन्हा गोठवता येत नाही. कुणाच्या तरी घरच्यांनी रडत रडत सही करून दिलेली वस्तू होती ती. अजूनही आठवलं की जीव तुटतो. तेव्हापासून ड्रायव्हरला दर तासाला फोन करते आणि गाडीची काच थोडी उघडी ठेवायला सांगते, कारण ड्राय आइसचा वायू बंद गाडीत कोंडतो.

बॉक्स आला की आधी कागद बघा: टिश्यूचा नंबर, मुदत, दात्याच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिसच्या तपासण्या. निर्जंतुक करायला दिलेल्या गॅमा किरणांचा डोस २५ किलोग्रेच्या वर असेल तर सरांना आधीच दाखवा, त्याने टेंडन कमजोर होतो. पेशंटच्या संमतीपत्रात दात्याचा टेंडन वापरणार हे स्पष्ट लिहिलेलं हवं. विशीतल्या कबड्डीच्या पोरांना मात्र स्वतःचाच टेंडन बरा, दात्याचा त्या वयात पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त असतं. मोटारसायकलच्या अपघातात दोन-तीन लिगामेंट एकदम गेलेत, किंवा आधीचं ऑपरेशन फसलंय, अशा गुडघ्यांना याचा खरा उपयोग.

पाकीट उघडायची घाई नको. सर दुर्बिणीने गुडघा बघून "सोडा" म्हणतील, तेव्हाच. स्टीलच्या वाडग्यात टाकताना काठीसारखा खणकन वाजतो. सलाइन अंगाइतकंच कोमट, ३७ अंशांच्या आसपास. उकळत्या पाण्याची घाई केलीत तर आतलं कोलॅजन बिघडतं. हळूहळू तो मऊ पडतो, मोतिया पांढरा दिसतो, आणि भिजलेल्या सुंभासारखे उभे धागे स्पष्ट होतात. वर चिकटलेलं मांस, चरबी ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडा, धागा कापू नका. मग दोन्ही टोकांना न विरघळणाऱ्या दोऱ्याने टाके, सायझरमधून जाडी मोजायची (८ मिलिमीटरच्या खाली आमचे सर खूश नसतात), आणि बोर्डवर ताणून ठेवायचा. वर व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेला गॉज. तो सुकू द्यायचा नाही, आणि ट्रेजवळून एक माणूस हलायचा नाही.

हॅमस्ट्रिंग काढायचा सेट तरीही हाताशी असू द्या, सील न फोडता. लाइट गेली तर जनरेटर किती सेकंदांत उचलतो, हे सकाळीच बघून घ्या.

शेवटी पाकिटावरचा स्टिकर केसपेपरवर लावा, आणि कुणाला बसवला त्याची पावती त्याच दिवशी बँकेला पाठवा.